सहा महिन्यांनी ती कवळी कुठे आहे? : दंतमहाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक,
आणि राज्यातील सर्व दंतमहाविद्यालयांचे अधिष्ठाता व विभागप्रमुख

सविनय नमस्कार.

बीडीएसच्या (दंतवैद्यक पदवीच्या) विद्यार्थ्याच्या लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, पूर्ण कवळीसाठी जे रकाने असतात, ते कवळी रुग्णाच्या हातात पडली की संपतात. प्राथमिक माप, स्पेशल ट्रे, बॉर्डर मोल्डिंग, अंतिम माप, जॉ रिलेशन, दातांची मांडणी, ट्राय-इन, कवळी बसवली. प्रत्येकापुढे तारीख आणि सरांची सही. नेमून दिलेल्या कामांचा कोटा पूर्ण. त्यानंतर ती कवळी तोंडात राहिली की रुमालात गुंडाळून फडताळात गेली, हे कोणी विचारत नाही, कारण उत्तर लिहायला जागाच नाही. ती जागा करा, ही या पत्रातली मुख्य मागणी. बाकी जे लिहितो आहोत ते सगळे तिच्यातूनच निघते.

आम्ही दंतमहाविद्यालयांत शिकवणारे, तसेच वृद्धाश्रमांत आणि घरी जाऊन उपचार करणारे काही दंतवैद्य आहोत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढच्या माणसांचे प्रमाण ९.९ टक्के होते. देशात ते ८.६ टक्के. त्यानंतर ते वाढतच गेले आहे. कवळीसाठी ओपीडीत येणारा रुग्ण बहुधा याच वयाचा असतो. मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र विभाग आहे, स्वतंत्र खुर्च्या आहेत, कोटा आहे, विद्यापीठाचा पेपर आहे. वृद्धांच्या वाट्याला प्रॉस्थो (कवळ्या व कृत्रिम दातांचा विभाग) किंवा पब्लिक हेल्थच्या तासांतले एखादे लेक्चर येते. तरीही नवा विभाग काढा, असे आम्ही म्हणणार नाही. सत्तरीचा माणूस आधीच कवळीसाठी प्रॉस्थोत, हलणाऱ्या दातासाठी पेरिओत, मुळासाठी ओरल सर्जरीत असा वाटला गेलेला असतो. आणखी एक दार वाढवून त्याची फरपटच वाढेल.

कोट्याचा पहिला परिणाम रुग्ण निवडण्यापासूनच दिसतो. विद्यार्थी उंच, रुंद, घट्ट हिरडीचा जबडा शोधतो आणि परीक्षेसाठी तर असा पेशंट जपून ठेवतो. पण ज्यांना कवळीची खरी अडचण आहे, त्यांचा खालचा जबडा सपाट झालेला असतो. दात काढल्यावर हाड सर्वांत जास्त झिजते ते पहिल्या वर्षात, आणि पुढे वर्षानुवर्षे खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट होत राहते. अशा जबड्यावर कवळी टिकते ती गाल, ओठ आणि जीभ यांच्यामधल्या जागेत ती नेमकी बसली तर. या जागेचे, म्हणजे न्यूट्रल झोनचे, तंत्र पुस्तकात असते. प्रत्यक्ष करून पाहिलेला पदवीचा विद्यार्थी क्वचित सापडतो.

दुसरा परिणाम मापाच्या दिवशी दिसतो. अंतिम माप आपण झिंक ऑक्साइड युजेनॉल पेस्टने घेतो. ती स्वस्त आहे, बारकावे छान टिपते. पण ज्याच्या तोंडाला लाळ नाही, त्याच्या टाळूला ती चिकटते, भाजल्यासारखी आग होते, आणि ट्रे ओढून काढताना पातळ झालेली त्वचा सोलून निघू शकते. अशा तोंडात पातळ (लाइट बॉडी) सिलिकॉन वापरावे, आणि पेस्टशिवाय पर्यायच नसेल तर ओठांना व आतल्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. हे लक्षात यायला मापाआधी तोंड कोरडे आहे का ते पाहिलेले असावे लागते. गालाच्या आतल्या बाजूला आरसा टेकवून सरकवला की तो चिकटतो का, एवढी परीक्षा पाच सेकंदांची आहे. शंका आली तर लाळ मोजावी : तासभर काही खाल्ले-प्यायलेले नको, आधी तोंडातली लाळ गिळून टाकायची, मग मान खाली घालून ५ मिनिटे लाळ खुणांच्या प्याल्यात पडू द्यायची. ५ मिनिटांत अर्धा मिली किंवा त्याहून कमी, म्हणजे मिनिटाला ०.१ मिलीच्या आत, तर ते तोंड खरोखर कोरडे. त्यात कवळी धरून ठेवणारा लाळेचा पापुद्राच नसतो. अशा रुग्णाला कवळी ‘सैल’ लागते आणि विद्यार्थी पुन्हा पुन्हा कडा तासत बसतो.

कवळी घातल्यावर दोन जबड्यांमध्ये किती उंची राहावी याबद्दल शिकवतो आपण नीट, पण तपासणी बसवण्याच्या दिवशीच संपते. जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर अंतर राहायला हवे. ते राहिले नाही तर बोलताना दात टकटक वाजतात, संध्याकाळपर्यंत जबडा दुखून येतो, हिरडीवर सगळीकडे आग होते. फारच जास्त राहिले तर हनुवटी नाकाकडे येते, ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात आणि त्यात बुरशी धरते. ही लक्षणे कवळी दिल्याच्या दिवशी नसतात. ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतात, आणि तोवर विद्यार्थ्याचे पोस्टिंग बदललेले असते.

कवळी दिल्यावर २४ तासांनी, आठवड्याने, महिन्याने आणि सहा महिन्यांनी रुग्णाला बोलवावे. पहिल्या भेटीआधी काही तास कवळी तोंडात असावी, नाहीतर कुठे लागते ते दिसतच नाही. जखमेची जागा रुग्णाच्या बोटावरून ठरवू नये. जखमेवर खुणेची पेन्सिल फिरवून किंवा प्रेशर इंडिकेटिंग पेस्ट लावून कवळीवर ठसा घ्यावा आणि तेवढेच तासावे. एकाच ठिकाणी तिसऱ्यांदा जखम झाली तर कड तासणे थांबवून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते, तपासावा. चावा चुकला असेल तर कवळी दर घासाला तिरकी सरकत असते आणि तिची कड कितीही तासली तरी जखम परत येते. हा निदानाचा भाग फक्त परत आलेल्या रुग्णावर शिकता येतो. रुग्ण परत न आणणारा अभ्यासक्रम हा धडा वगळूनच पदवी देतो.

दहा-पंधरा वर्षे एकच कवळी वापरलेल्या आजींना कोरी कवळी देणे ही तर अनेकदा चूकच असते. त्यांच्या जिभेने, गालांनी तिचा आकार पाठ केलेला असतो आणि ऐंशीच्या वयात नवा आकार शिकणे जड जाते. जुन्या कवळीची नक्कल करावी. साबणाच्या प्लास्टिक डबीत अल्जिनेट भरून तिचे दोन्ही बाजूंचे ठसे घ्यायचे, दातांच्या जागी मेण आणि तळाला सेल्फ-क्युअर ॲक्रिलिक ओतायचे, निघालेल्या नकलेत आतून पातळ माप घ्यायचे, उतरलेली उंची थोडी वाढवायची आणि लॅबला पाठवायची. सात-आठ फेऱ्यांचे काम तीन-चारांत होते. पण नक्कल, रिलाइन (जुन्या कवळीला आतून नवा थर देणे) आणि तुटलेल्या कवळीची दुरुस्ती कोट्यात धरली जात नाही. म्हणून विद्यार्थी नवीन कवळी करतो, आजी जुनीच घालतात. कोट्यात या तिन्ही कामांना नव्या कवळीइतकेच गुण द्या.

आता औषधांबद्दल. हा सर्वांत धोक्याचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर.

केसपेपरवर ‘मेडिकल हिस्टरी : बीपी, शुगर’ एवढे लिहून दात काढायला घेतला जातो. सत्तरीच्या माणसाला ‘काही गोळ्या चालू आहेत का’ असे विचारले की तो रोजच्या गोळ्या सांगतो. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी त्याच्या हिशेबी औषधातच नसते. वर्षातून एकदा शिरेतून दिलेले झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांनी घेतलेले डेनोसुमॅबचे इंजेक्शन तर औषधांच्या पिशवीतही सापडत नाही. या तिन्हींमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड उघडे पडून आठ-आठ आठवडे न भरण्याचा धोका असतो. हाडे ठिसूळ झाल्यावर मिळणाऱ्या मात्रेत तो कमी, कर्करोगासाठी दिलेल्या मात्रेत बराच जास्त. प्रश्न असा विचारावा : ‘हाडांसाठी आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचं इंजेक्शन किंवा वर्षाचं सलाईन कधी घेतलंय का?’ आणि उत्तर हो आले म्हणून विद्यार्थ्याने परस्पर औषध बंद करायला सांगू नये. डेनोसुमॅबचा पुढचा डोस लांबला तर मणक्याची हाडे दबून मोडण्याची भीती असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तेच. ‘पाच दिवस गोळी बंद करून या’ हे वाक्य अजून ओपीडीत ऐकू येते. स्टेंट टाकलेल्या माणसाची ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एका दाढेसाठी बंद करणे म्हणजे हिरडीतला रक्तस्राव टाळायला हृदयातल्या गुठळीचा धोका पत्करणे. हिरडीतले रक्त दाबून थांबवता येते. एका वेळी दोन-तीनच दात काढावेत, तेही सकाळी आणि आठवड्याच्या सुरुवातीला. खड्ड्यात जिलेटिन स्पंज किंवा ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज, वर टाका, त्यावर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या ५०० मिलिग्रॅमच्या अँप्युलमध्ये भिजवलेला गॉज, आणि २० ते ३० मिनिटे घट्ट दाब. रक्त थांबलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घरी सोडायचे नाही. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा; जास्त म्हणजे रक्त उशिरा गोठते) आदल्या २४ तासांतला हवा, आणि साधा दात काढायला तो ३.५ च्या आत असावा. काही बदलायचे असेल तर ते ज्याने गोळी दिली त्या डॉक्टरांशी बोलून, लेखी.

त्याच गोळ्यांवरच्या रुग्णाला कवळीखाली लाल चट्टा दिसला म्हणून मायकोनॅझोलचे जेल दिले जाते, किंवा सूज आहे म्हणून मेट्रोनिडॅझोल. दोन्हींमुळे आयएनआर चढतो. तोंडात लावायचे जेल आहे, पोटात थोडेच जाते, असा समज आहे. पण ते गिळले जाते आणि काम करते. लाल चट्ट्यासाठी आधी रात्री कवळी काढून ठेवायला सांगावे, आणि औषध लागलेच तर निस्टॅटिन. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक लिहिण्याआधी पिशवीत टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी एकत्र आहे का ते पाहावे. तिघी मिळून म्हाताऱ्या मूत्रपिंडाला आठवडाभरात निकामी करू शकतात. पॅरासिटॅमॉल पुरते, आणि अंगाने खंगलेल्या माणसाला दिवसाला ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये.

भूल देतानाचा हिशेबही तोंडपाठ हवा. १:८०,००० ॲड्रिनलिन असलेल्या लिग्नोकेनच्या प्रत्येक मिलीत १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रिनलिन असते. हृदयविकाराच्या रुग्णाला एका वेळी ४० मायक्रोग्रॅमची मर्यादा धरली, तर ३.२ मिली होतात : २ मिलीची एक सिरिंज आणि दुसरीचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग. तिसरी सिरिंज भरायला जाणाऱ्या विद्यार्थ्याचा हात या आकड्याने थांबायला हवा. सुई टोचल्यावर आधी मागे ओढून पाहणे, हळू सोडणे. १८०/११० च्या वर बीपी असेल तर तातडीचे नसलेले काम पुढे ढकलणे. मधुमेही रुग्णाला सकाळी, नाश्ता आणि गोळी घेऊन बोलावणे; साखर ७० च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजणे. ‘रिकाम्या पोटी या’ असे सांगून ग्लिमेपिराइड घेणाऱ्या आजोबांना अकरा वाजेपर्यंत बाकावर बसवणे, हा अपघाताला दिलेला आमंत्रणाचा कागद आहे. काम संपले की खुर्ची एकदम सरळ करू नये. दोन-तीन मिनिटे पाय खाली सोडून बसवावे, मग उठवावे. बीपीच्या गोळ्यांवरचा माणूस झटकन उठला तर पडतो, आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड.

हिरडी उतरून उघडी पडलेली मुळे ही महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्या तोंडाची खास ओळख. त्यात मशेरीचा वाटा मोठा आहे. भाजलेली तंबाखू बोटाने सकाळ-संध्याकाळ घासून दातांच्या माना झिजतात, हिरडी मागे सरते. मुळाला इनॅमल नसते. इनॅमल विरघळू लागते ते साधारण ५.५ पीएचला; मुळाचा पृष्ठभाग त्याच्या कितीतरी आधी, ६.२ ते ६.७ लाच. म्हणजे जी आम्लता दाढेच्या माथ्याला काही करत नाही, ती मुळाला पोखरते. त्यात दिवसातून चार वेळा गोड चहा, त्यात बुडवलेले बिस्कीट, आणि तोंड कोरडे पडते म्हणून गालात धरलेली खडीसाखर. दातांच्या मानेशी गोल फिरणारी तपकिरी कीड अशीच होते, आणि एक दिवस दात चक्क मानेतून मोडतो.

या किडीवर विद्यार्थी काय शिकतो? एअरोटर (दात कोरायचे यंत्र), काँपोझिट (दाताच्या रंगाचे भरण), कोरडे क्षेत्र. बिछान्यावरच्या माणसाच्या तोंडात यातले काहीच जमत नाही. तिथे ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड कामाचे. ओठांना व्हॅसलिन, दात कापसाने वेगळा करून कोरडा करायचा, मायक्रोब्रशने थेंबातला थोडा द्राव कीडलेल्या जागी लावून मिनिटभर ठेवायचा. एका थेंबात पाचेक दात होतात. वर्षातून दोनदा लावायचा. कीड थांबते आणि कायमची काळी पडते. म्हणून समोरच्या दातांना लावण्याआधी रुग्णाला काळेपणाचा फोटो दाखवूनच संमती घ्यावी. हिरडीवर उघड्या जखमा असतील किंवा चांदीची ॲलर्जी असेल तर लावू नये. नंतर हवे तर हत्याराने मऊ भाग काढून ग्लास आयोनोमर भरता येतो. हे सगळे पेडोत लहान मुलांवर शिकवले जाते. त्याच बाटलीची आजोबांनाही गरज आहे, हे तिथे कोणी सांगत नाही.

तोंडाची पूर्ण तपासणी हा प्रत्येक भेटीचा भाग हवा. दात नाहीत म्हणून तोंड पाहायचे नाही, अशी एक विचित्र सवय रुजली आहे. तंबाखू-चुन्याची गोळी जिथे धरतात तो खालचा गाल आणि हिरडीमधला खळगा बोटाने ताणून पाहावा. जीभ गॉजने धरून दोन्ही कडा मागेपर्यंत. जिभेखाली एक बोट आत आणि दुसरा हात बाहेरून. शेवटी मानेच्या गाठी. कवळी लागून झालेली जखम वाटली तर कड तासून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावी. तेव्हाही तशीच असेल तर बायोप्सी. ‘पुन्हा पाहावी’ यासाठीही पुन्हा लॉगबुकातला तोच रिकामा रकाना लागतो.

आता पोस्टिंग. इंटर्नशिपच्या बारा महिन्यांत सामुदायिक दंतवैद्यकासाठी तीन महिने आहेत. त्यातले बरेच दिवस शाळांच्या शिबिरांत आणि ‘तपासणी केली’ अशा आकड्यांत जातात. यातले किमान तीन आठवडे एकाच वृद्धाश्रमाला द्या. शिबिर भरवू नका. तोच इंटर्न, तीच माणसे. पहिल्या दिवशी ओएचएटी या तपासणीपत्रकावर प्रत्येकाचे गुण लिहावेत : ओठ, जीभ, हिरड्या व आतली त्वचा, लाळ, स्वतःचे दात, कवळी, स्वच्छता, दुखणे. आठ बाबी, प्रत्येकी ० (निरोगी) ते २ (वाईट), एकूण १६. शेवटच्या दिवशी तेच पुन्हा. गुण उतरले का, यावर मूल्यमापन.

तिथे इंटर्नने करायचे खरे काम म्हणजे देखभाल करणाऱ्या मावशींना शिकवणे. कवळी टूथपेस्टने घासू नये, चरे पडून बुरशीला जागा होते. साबण आणि मऊ ब्रश. घासताना खाली पाण्याने अर्धी भरलेली बादली, म्हणजे निसटली तरी तुटत नाही. उकळते पाणी नको, वाकते. रात्री साध्या पाण्यात. धातूची चौकट असलेल्या कवळीला ब्लीच लावायचे नाही. पक्षाघात झालेल्याच्या लुळ्या गालात घास साठून राहतो, तो जेवणानंतर बोटाला गॉज गुंडाळून काढायचा. गिळायला त्रास असलेल्याला आडवे झोपवून ब्रश करायचा नाही. बसवून, हनुवटी थोडी खाली. तोंडातली घाण फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि नियमित तोंड साफ केल्याने तो कमी होतो हे जपानमधल्या शुश्रूषागृहांतल्या अभ्यासात दिसले आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मागून हात लावायचा नाही, समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन. त्याच्या हातात एक ब्रश द्यायचा आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवून सुरुवात करायची. संध्याकाळी चिडचिड वाढते, म्हणून सकाळच्या चहानंतरची वेळ बरी. बोटे वळत नसतील तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या हँडलचा रबरी ग्रिप चढवावा. गावातल्या सायकलच्या दुकानात तो मिळतो, आणि बाहेरून आणलेल्या महागड्या ब्रशपेक्षा चांगला चालतो.

आणखी एक काम, ज्याची वृद्धाश्रमांना फार गरज असते : कवळीवर नाव. आंघोळीच्या वेळी चार कवळ्या एका टोपल्यात पडल्या की कोणाची कोणती ते कळत नाही. कवळीच्या बाहेरच्या बाजूला, मागच्या कडेजवळ बारीक सँडपेपरने घासायचे, गडद पेन्सिलने नाव लिहायचे, वरून पारदर्शक सेल्फ-क्युअर ॲक्रिलिकचा पातळ थर. दहा मिनिटांचे काम. नव्या कवळीत तर हे लॅबमध्येच व्हावे.

रुग्णाशी बोलण्याचेही शिकवावे लागते. विद्यार्थी मुलाकडे पाहून विचारतो, ‘बाबांना कधीपासून दुखतंय?’ बाबा समोरच बसलेले असतात. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत आणि ऐकू कमी येणाऱ्याचा निम्मा संवाद तिथेच तुटतो. ओरडून उपयोग नसतो, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलावे, लिहून दाखवावे. श्रवणयंत्र असेल तर एअरोटर सुरू करण्याआधी ते बंद करायला सांगावे, शिट्टीने माणूस दचकतो आणि बर चालू असताना दचकणे परवडणारे नाही.

राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्यात पदवीनंतरच्या एक्झिट टेस्टची तरतूद आहे. त्या परीक्षेत काय विचारले जाईल ते दिल्लीत ठरेल. पण अंतर्गत गुण, लॉगबुक, इंटर्नचे वेळापत्रक आणि प्रात्यक्षिक परीक्षेतला व्हायवा (तोंडी परीक्षा) यांतले बरेचसे नाशिकच्या आणि अधिष्ठात्यांच्या हातात आहे. व्हायवात एक औषधांची पिशवी ठेवा. आत सात-आठ पाकिटे, एका सत्तरीच्या बाईंचा केसपेपर, आणि प्रश्न एकच : खालची दाढ काढायची आहे, आधी काय विचाराल आणि काय करणार नाही? दहा मिनिटांत विद्यार्थी कुठे उभा आहे ते कळते.

रुग्ण परत येत नाहीत, हा आक्षेप आम्हाला माहीत आहे. तिकिटाचा प्रश्न आता तितका राहिलेला नाही. ऑगस्ट २०२२ पासून एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला निम्मे भाडे. अडते ते सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या रोजावर. म्हणून रिकॉल, म्हणजे पुन्हा बोलावण्याची भेट, फोनवर ठरवा, गावच्या गाडीच्या वेळेप्रमाणे. एका भेटीत सगळ्या विभागांचे काम उरका. आणि विद्यार्थ्याचे पोस्टिंग बदलले तरी रुग्ण त्याच्याच नावावर राहू द्या. तिसऱ्या वर्षी मिळालेले दोन वृद्ध रुग्ण इंटर्नशिप संपेपर्यंत त्याचेच. मध्येच कोणी वारले, तर तीही नोंद करावी आणि त्याचे गुण कापू नयेत.

लॉगबुकाचे नमुना पान आम्ही तयार केले आहे. मागणी येताच पाठवू. त्यात कवळीच्या आजच्या रकान्यांनंतर आणखी सात आहेत : कोरड्या तोंडाची तपासणी, औषधांची यादी (आठवड्याची, सहा महिन्यांची, वर्षाची वेगळी), २४ तास, ७ दिवस, १ महिना, ६ महिने, आणि शेवटचा, ‘रुग्ण कवळी घालून भाकरी खातो का? हो / नाही / कशामुळे नाही’. सहीची जागा या शेवटच्या रकान्यापुढे आहे. पुढच्या सत्राची लॉगबुके छापायला जाण्याआधी हे पान आपल्या अभ्यास मंडळापुढे ठेवावे, ही विनंती.

आपले,
दंतमहाविद्यालयांतील काही शिक्षक व वृद्धांवर उपचार करणारे दंतवैद्य